हेल्पलाइनवालीने विचारायचं कोणाला?

केस रंगवायचे की नाही, हा काही जगबुडीचा प्रश्न नव्हे. रंगवणारे रंगवतात, न रंगवणारे मिरवतात, आणि दोघांचेही केस वेळ आली की गळतातच. पण एखाद्या माणसाच्या नशिबात साध्या प्रश्नालाही शेपूट फुटायचं असतं. वहिनींच्या प्रश्नाला ते फुटलं आणि वाढत वाढत पार त्यांच्या ऑफिसच्या मीटिंग हॉलपर्यंत पोचलं.

शेजारीपाजारी त्यांना वहिनी म्हणत, म्हणून आपणही म्हणू. वहिनी चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या आणि केसांचा रंग बनवणाऱ्या एका कंपनीत हेल्पलाइनवर कामाला होत्या. रंगाच्या खोक्याच्या मागे मुंगीच्या अक्षरात एक नंबर छापलेला असतो ना, तो लावला की वहिनींचा आवाज यायचा. रंग कानाला लागला, रंग उशीला लागला, नवऱ्याने शाम्पू समजून डोक्याला चोळला आणि आता तो खोलीबाहेर यायला तयार नाही, अशा सगळ्या संकटांवर त्यांच्याकडे उपाय होते. नवरा खोलीबाहेर आल्याचे उलट फोनही त्यांना आलेले होते.

फक्त एका प्रश्नाला उपाय नव्हता. "मूल व्हावं म्हणून उपचार चालू आहेत, रंग लावला तर चालेल का?" किंवा "नुकतेच दिवस गेलेत, लावू का?" असं कोणी विचारलं की समोरच्या पडद्यावर एक वाक्य उमटायचं आणि वहिनी ते मधाळ आवाजात वाचायच्या: "कृपया आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या." पलीकडची बाई "बरं" म्हणून फोन ठेवायची. त्या 'बरं'चा अर्थ वहिनींना इतकी वर्षं कळला नव्हता. तो कळायची वेळ आली ती स्वतःवर बेतल्यावर.

वहिनींचे यजमान बोटीवर इंजिनियर. वर्षातला बराचसा काळ ते पाण्यावर आणि वहिनी जमिनीवर. उशिरा का होईना, मूल हवं असं दोघांनी ठरवलं आणि दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. पहिल्या खेपेला त्यांनी ही गोष्ट उत्साहाच्या भरात सगळ्यांना सांगून टाकली होती. त्या खेपेला गर्भ राहिला नाही, आणि मग ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांना एकेक फोन करून 'नाही' असं सांगावं लागलं. आनंदाची बातमी सांगायला जितकं तोंड लागतं त्याच्या दसपट ती परत घ्यायला लागतं. सासूबाईंनी फोनवर मायेनेच विचारलं, "काही जास्तीचं केलं होतंस का गं? उचलाउचल? दगदग? काही लावलं-बिवलं होतंस?"

"नाही हो आई," वहिनी म्हणाल्या.

पण थोडेच दिवस आधी त्यांनी केस रंगवले होते. डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी हसून तो विचार उडवून लावला असता. पण वहिनींनी विचारलं नाही, यजमानांना सांगितलं नाही, आणि न विचारलेली शंका लोचट पाहुण्यासारखी घरात मुक्काम ठोकून बसली. आता दवाखान्यात गोठवून ठेवलेला एकच गर्भ उरला होता. पुन्हा सगळं पहिल्यापासून करायची अंगात ताकद नव्हती, त्यामुळे ही शेवटची खेप. या वेळी तीन महिने होईपर्यंत कोणालाही, अगदी सासूबाईंनाही सांगायचं नाही, असं नवराबायकोने ठरवलं. ते ठरलं आणि आठवड्याच्या आत यजमान बोटीवर निघून गेले. म्हणजे गुपित राखायची सगळी जबाबदारी वहिनींच्या एकट्या डोक्यावर आली, आणि त्या डोक्यावर पांढऱ्या मुळांची रेघ उगवायला लागली होती.

वहिनी शहाण्या. त्यांनी स्वतःच्याच वाक्याप्रमाणे डॉक्टरांचा सल्ला घ्यायचं ठरवलं.

"त्वचेतून आत जातं ते अगदी थोडं," डॉक्टरीणबाई कॉम्प्युटरकडे बघत म्हणाल्या. "त्याने अपाय होतो असं ठामपणे काही दिसलेलं नाही. रंगवलेत तर हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. मनाला खात असेल तर पहिले तीन महिने थांबा."

"म्हणजे लावू की नको?"

"तुम्हाला योग्य वाटेल ते करा. आणि त्यात नेमकं काय काय असतं ते हवं असेल, तर खोक्यावर कंपनीचा नंबर असतो बघा. त्यांना विचारा. ते नीट सांगतात."

वहिनी खाली आपल्या चपलांकडे बघत बसल्या.

यजमानांचा फोन लागला तेव्हा मधेमधे आवाज तुटत होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर. मी तुझ्या पाठीशी आहे." यजमान त्या क्षणी पाठीपासून दोन समुद्र दूर होते. माणूस भला, पण भल्या माणसांची ही एक खोड असते, ती आपल्याला भरपूर स्वातंत्र्य देऊन मोकळी होतात. वहिनींना स्वातंत्र्य नकोच होतं. त्यांना एवढंच हवं होतं की कोणीतरी 'लाव' किंवा 'लावू नकोस' असं एकदा स्वच्छ म्हणावं. म्हणजे पुढे बरंवाईट काहीही झालं तरी ते दोघांनी मिळून केलेलं असेल. 'योग्य वाटेल ते' या तीन शब्दांत, चुकलं तर ते तुझं एकटीचं, हेच त्यांना ऐकू येत होतं.

शेवटी न लावायचं ठरलं. ठरवणाऱ्या त्याच आणि पाळणाऱ्याही त्याच.

भांगातली रेघ रुंदावत गेली तशी शेजारच्या काकूंची नजर त्यावर पडली. काकूंच्या नजरेतून त्या इमारतीत काही सुटत नसे. पाण्याच्या टाकीत पाल पडली तर पालीच्या आधी काकूंना कळे.

"वहिनी, हे काय? केसांच्या रंगाच्या कंपनीत तुम्ही, आणि डोकं असं? तुमचे हे आल्यावर ओळखतील का तुम्हाला?"

"सध्या जरा नैसर्गिक राहावं म्हणते."

"मग नैसर्गिक उपाय करा की!" काकू म्हणाल्या आणि वहिनी 'नको' म्हणायच्या आत उपाय वाटीत घालून दारात हजर झाल्या. कडक कॉफीचा लगदा आणि तो डोक्याला धरून राहावा म्हणून त्यात सढळ हाताने मध. वहिनींनी विचार केला, कॉफी आहे, मध आहे, यात काय वाईट? त्यांनी लेप लावला, धुतला, सकाळी पुन्हा धुतला आणि ऑफिसला गेल्या. दुपारपर्यंत मानेवरून तपकिरी ओघळ उतरून पांढऱ्या कुडत्याच्या कॉलरला लागले होते. एका ग्राहक बाईला 'रंग कपड्याला लागू नये म्हणून काय काळजी घ्यावी' हे समजावून सांगत असताना त्यांना कानामागे काहीतरी चालल्यासारखं वाटलं. हात लावून पाहिला तर मुंग्या. आधी दोन होत्या, मग त्यांनी नातेवाइकांना कळवलं असावं. वहिनींनी मान न हलवता, आवाज न बदलता तो कॉल पूर्ण केला. कंपनीने याबद्दल त्यांना एखादं पदक द्यायला हरकत नव्हती.

पण कंपनी पदक देणाऱ्यातली नव्हती. कंपनीचा नियम होता की हेल्पलाइनवरच्या प्रत्येकाने कंपनीचाच रंग लावायचा. त्यासाठी महिन्याला एक खोकं फुकट मिळे. 'आपलं डोकं हीच आपली जाहिरात' अशी पाटीच भिंतीवर होती. फोनवरून डोकं दिसत नाही, हा मुद्दा वहिनींनी नोकरीच्या सुरुवातीला एकदा मांडला होता, तेव्हा त्यांना 'सकारात्मक दृष्टिकोन' या विषयावरच्या प्रशिक्षणाला अर्धा दिवस बसवण्यात आलं होतं. ते घेणाऱ्या बाईंना सगळे तेव्हापासून सकारात्मकबाई म्हणत.

मुंग्यांनंतर वहिनींनी डोळ्यांच्या काळ्या पेन्सिलीने भांग भरून पाहिला. मग त्या पेन्सिलीच्या वेष्टनावरची रसायनांची नावं वाचली आणि पेन्सिल केरात टाकली. मग स्कार्फ बांधला. स्कार्फ हा सर्वांत निर्धोक उपाय, असं त्यांना वाटलं होतं.

स्कार्फ बांधून ऑफिसात आलेल्या बाईकडे लोक पहिल्या दिवशी बघतात, दुसऱ्या दिवशी बघत नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागतात. वहिनी वरचेवर दवाखान्यात जायला रजा घेत होत्या, चेहरा उतरलेला होता, आणि आता डोकं झाकलेलं. लोकांनी दोन अधिक दोन करून गंभीर आजार काढला. कोणीतरी त्यांच्या टेबलावर फुलांचा गुच्छ ठेवला. लिफ्टमध्ये माणसं बाजूला सरकून जागा करू लागली. सकारात्मकबाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन, "तुम्ही खूप धीराच्या आहात. लढा," असं सांगितलं. कोणाशी लढायचं ते वहिनींना विचारता येईना. 'मला काही झालेलं नाही' म्हणावं तर 'मग स्कार्फ का?' हा प्रश्न आलाच.

वाईट एवढंच झालं की डबा खायच्या वेळी त्या टेबलापाशी आल्या की हसणं थांबायचं. कोणी वाईट नव्हतं. आजारी माणसासमोर हसू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. वहिनी मग डबा आपल्या जागेवरच खायला लागल्या. घरी गेल्यावर बोलायला कोणी नसे आणि ऑफिसात दिवसभर त्या बोलत असत, पण सगळं पडद्यावरचं. एका संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं की आज आपण स्वतःचं असं एकही वाक्य बोललो नाही. रिक्षावाल्याला "इथेच थांबवा" म्हटलं, तेवढंच.

मॅनेजरने बोलावून घेतलं तेव्हा वहिनींनी धीर करून विचारलं, "समजा एखादीला काही कारणाने काही महिने रंग लावायचा नसेल, तर सूट मिळते का?"

"मिळते की. डॉक्टरांची चिठ्ठी आणायची."

"चिठ्ठीत काय लिहायचं?"

"रंग लावल्याने अपाय होईल, असं." मॅनेजर बोलले आणि एकदम थांबले. "नाही, नाही. आपल्या रंगाने अपाय होतो असा कागद आपल्याच ऑफिसात कसा चालेल? अपाय होत नाही असं लिहून आणा."

"अपाय होत नसेल तर सूट कशाला द्याल?"

"तेही आहे," मॅनेजर म्हणाले. शेवटी त्यांनी वहिनींच्या स्कार्फकडे पाहिलं, त्यांचे डोळे पाणावले, आणि ते म्हणाले, "तुम्ही नियमाचं मनाला लावून घेऊ नका. तब्येतीला जपा." वहिनी न झालेल्या आजाराच्या जिवावर सूट घेऊन बाहेर पडल्या.

मधल्या काळात दवाखान्यात तो शेवटचा गर्भ पोटात सोडून झाला होता. आता निकालापर्यंत नुसती वाट बघायची होती. वाट बघणाऱ्या माणसाला काम नसतं, म्हणून मन नसते उद्योग शोधतं. वहिनींच्या मनाने काढलं की ते कॉफीचं काय? पेन्सिलीचं काय? ऑफिसात खोकी फोडून रंगाचे नमुने तपासतात, तो वास रोज नाकात जातो त्याचं काय? एका दुपारी त्यांना हे अगदी असह्य झालं. त्या उठल्या, ऑफिसच्या जिन्यात गेल्या, तोंडावर रुमाल धरला आणि आपल्याच हेल्पलाइनला फोन लावला.

फोन उचलला काकांनी. काका म्हणजे त्यांच्याच शेजारच्या खुर्चीवर बसणारे सद्गृहस्थ. डोक्याला औषधालाही केस नाही, त्यामुळे फुकटचं खोकं दर महिन्याला त्यांच्या बायकोला जाई. पडद्यावरच्या वाक्याला काना-मात्रेचाही धक्का लावायचा नाही, हा त्यांचा बाणा.

"कृपया आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या," काका म्हणाले.

"अहो ऐका तर, डॉक्टरांना विचारलं. ते म्हणतात कंपनीला विचारा."

"बाई, कंपनी म्हणते डॉक्टरांना विचारा."

"मग मी काय करू?"

काकांनी पडदा वर-खाली करून पाहिला. पडद्यावर याचं उत्तर नव्हतं. "तुम्ही मधे आहात," ते म्हणाले.

"अहो, मला माहिती नकोय. तुम्ही नुसतं हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. कोणीतरी एकदा म्हणा हो." इथे वहिनींचा आवाज रुमालातूनही फुटला.

"कृपया आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या," काका म्हणाले. जिन्याचं दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे ते वाक्य वहिनींना दोनदा ऐकू आलं, एकदा फोनमधून आणि एकदा खोलीतून.

"बरं," वहिनी म्हणाल्या.

हेल्पलाइनचे कॉल रेकॉर्ड होतात. हे वहिनींइतकं कोणाला ठाऊक असणार? पण बुडणारा माणूस नदीची खोली मोजत नाही. त्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये सकारात्मकबाईंनी पडदा लावला, स्पीकर लावले आणि जाहीर केलं, "आज आपण एक आदर्श कॉल ऐकणार आहोत. ग्राहक भावनिक झालेला असतानाही आपला माणूस कसा ठाम राहतो, ते बघा."

आणि भरल्या हॉलमध्ये वहिनी बोलायला लागल्या.

रुमालाने आवाज बदलतो हा सिनेमावाल्यांनी पसरवलेला गैरसमज आहे. 'अहो ऐका तर' येईपर्यंत दोन-तीन माना वळल्या होत्या. 'कोणीतरी एकदा म्हणा हो' आलं तेव्हा सगळा हॉल समोरच्या पडद्याकडे असा टक लावून बघत होता की जणू तिथे कोरा पडदा नसून काही लागलं आहे. काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला तो पुसतच राहिले. फक्त सकारात्मकबाईंच्या काही लक्षात आलं नव्हतं.

"या ग्राहकाला नेमकं काय हवं होतं? कोण सांगेल? तुम्ही सांगा," त्यांनी नेमकं वहिनींकडेच बोट केलं.

वहिनी उभ्या राहिल्या. "बहुतेक सोबत," त्या म्हणाल्या.

"ती आपण पुरवत नाही," सकारात्मकबाई हसून म्हणाल्या, आणि पुढचा मुद्दा घेतला.

मीटिंग संपल्यावर काका त्यांच्याजवळ येऊन उभे राहिले. "ताई, वाक्य दिलेलं असतं हो मला," एवढं बोलले आणि गेले. आता आजाराची अफवा मिटली, तिच्या जागी खरी गोष्ट सगळ्यांना कळली, आणि ती कळली हे कोणी दाखवेना. लोक अधिकच हळू बोलायला लागले. वहिनींनी स्कार्फ काढून पर्समध्ये टाकला. झाकायला आता काही उरलं नव्हतं. पांढऱ्या भांगाने त्या आपल्या खुर्चीवर बसून राहिल्या आणि त्यांना इतकी लाज वाटली की घरी जाऊन अंथरुणात तोंड खुपसावं, पण सुट्टी व्हायला अजून वेळ होता.

निकालाचा फोन ऑफिसातच आला. दवाखान्यातली मुलगी घाईत होती. "पॉझिटिव्ह आहे, अभिनंदन, औषधं चालू ठेवा, पुढच्या तपासणीचं कळवू," हे तिने एका दमात म्हटलं. तिच्याही पडद्यावर काहीतरी लिहिलेलं असावं.

वहिनींनी यजमानांना फोन लावला. बोट संपर्काबाहेर. पुन्हा लावला. संपर्काबाहेर. सासूबाईंचं नाव पुढे आलं, त्यावर बोट नेलं आणि मागे घेतलं. पुन्हा 'नाही' सांगायची वेळ आली तर? काकूंना सांगायचं म्हणजे गच्चीवरून ओरडण्यासारखंच. शेजारच्या खुर्चीत काका पाठ ताठ करून कोणाला तरी हातमोज्यांबद्दल सांगत होते. एवढी मोठी बातमी, आणि ती ठेवायला जगात एक माणूस नव्हता. वहिनींना आनंद झाला होता, आणि तो आनंद एकटीने सोसायचा होता. तेवढ्यात समोरचा दिवा लुकलुकला आणि सवयीने त्यांनी बटण दाबलं.

"मी तुमच्यावर खटला भरणार आहे!" पलीकडून एक म्हातारा आवाज कडाडला. "खोक्यावर लिहिलंय नैसर्गिक काळा. माझी मिशी जांभळी झालीय, बाई. जांभळी! वांग्यासारखी!"

"किती वेळ ठेवला होतात?"

"बातम्या संपेपर्यंत!"

यावर द्यायचं उत्तर वहिनींना झोपेतही पाठ होतं. त्यांनी ते सुरू केलं आणि दुसऱ्याच शब्दाला तोंडून भलताच आवाज निघाला.

"तुम्ही हसताय?"

"नाही हो."

"मग रडताय? माझ्या मिशीसाठी? अहो, एवढी काही वाईट नाही दिसत."

"मला दिवस गेलेत," वहिनी म्हणाल्या.

पलीकडे आजोबांनी घसा खाकरला. "कोणाकोणाला सांगितलंत?"

"तुम्हाला."

"म्हणजे सगळ्यात आधी मला?"

"हो."

"अरे बापरे," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "अभिनंदन. अगदी मनापासून हं. मिशीचं जाऊ दे. तुमच्याजवळ आत्ता कोण आहे?"

"कोणी नाही. हे बोटीवर आहेत, फोन लागत नाही. आणि मला भीती वाटते. मागच्या वेळी राहिलं नव्हतं. त्याआधी मी केस रंगवले होते. ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही." हे सगळं रेकॉर्ड होत होतं. शेजारी काकांनी बोलणं थांबवलं होतं. वहिनींना दोन्ही कळत होतं आणि थांबता येत नव्हतं. "डॉक्टर म्हणतात, तसं काही नसतं. पण मला रोज वाटतं, माझ्यामुळेच झालं."

"बाई, मला त्यातलं काही कळत नाही," आजोबा म्हणाले. "मला अक्कल असती तर मी या वयात मिशी कशाला रंगवली असती? पण ऐकायला मला चांगलं येतं. तुम्ही बोला. सावकाश बोला. या असल्या मिशीने मी आता कुठे जातोय?"

वहिनींनी हेडफोन कानाशी घट्ट धरला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.